पहिल्या अंकातली हाक

शंतनु : अरे, हॉल कोसळतोय हसून, आणि तू मिशी काय काढतोयस? बॉस, अजून दुसरा अंक आहे!

सुहास : मी नाही करत दुसरा अंक. लोकांना सांगा, मामाला चक्कर आली.

शंतनु : वेडा आहेस का? गणेशोत्सवाचं नाटक, हाउसफुल्ल! होसकोट्याहून फॅक्टरीची बस भरून माणसं आलीत. माझ्या ऑफिसातली अख्खी गँग उभ्याने बघतेय. आणि त्या दाराच्या सीनला काय टाळी पडली यार!

सुहास : त्याच सीनला मी मेलो ना! दिगूला हाक मारायची होती. मी काय ओरडलो?

शंतनु : "श्रीरंग, दार उघड गाढवा!" मग? मी सावरलं की. "श्रीरंग नाही मामा, दिगू! चष्मा बदला!" आधी सगळे एकदम चिडीचूप, आणि मग जो हशा फुटला! लाइफमध्ये असा हशा घेतला नव्हता मी.

सुहास : चिडीचूप का झाले, ते कळलं का तुला?

शंतनु : श्रीरंग म्हणजे माझ्याआधी दिगू करायचा तोच ना? अॅक्सिडेंटमध्ये गेला तो?

सुहास : अॅक्सिडेंट नव्हे रे. आत्महत्या केली त्याने. मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कोणी त्याचं नाव काढत नाही. आणि मी नरडं फाडून काढलं, तेही त्याच्या आईसमोर! नयनाअक्का पहिल्या रांगेत बसल्यात. अय्यो, कुठल्या तोंडाने जाऊ मी बाहेर?

शंतनु : ओह... सॉरी यार. मला कोणी बोललंच नाही.

सुहास : तुझी काय चूक? माझीच जीभ. पण तो होताच तसा! तालमीला दाराआड बसून चहा ढोसायचा, एन्ट्री विसरायचा. मग मी मामाच्या आवाजात त्याच्याच नावाने बोंबलायचो. की हा आला लेंगा सावरत, हनुवटीला बिस्किटाचा चुरा! एकदा तर कपबशीसकट आला आणि मलाच म्हणतो, "मामा, साखर कमी पडली!"

शंतनु : तालमीत?

सुहास : भर प्रयोगात! लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. तेव्हापासून ते वाक्य नाटकातच राहिलं.

शंतनु : थांब, थांब. ते वाक्य त्याचं आहे? आत्ता मी त्याच्यावर टाळी घेतली!

सुहास : त्याचंच. सगळ्यांना हसवत हिंडायचा, आणि त्याच्या आत काय चाललंय ते आम्हाला कळलं नाही. फार आठवण येते रे त्याची. फार.

(घंटा होते. नयनाअक्का विंगेतून आत येतात.)

नयनाअक्का : सुहास, मिशी कुठं गेली तुझी?

सुहास : अक्का, चुकलो मी. मुद्दाम नाही...

नयनाअक्का : ती लावून घे आधी. आणि धोतर बघ कसं चुरगाळलंस, चिकपेटेच्या बाजारात हिंडून आणलंय ते. हा नवा दिगू का? छान करतोस रे मरी, छान करतोस बाळा.

शंतनु : थँक यू, काकू. तो चष्म्याचा जोक मात्र...

नयनाअक्का : हसले मी त्याला. पोट धरून हसले. शेजारी विमला होती, ती घाबरून माझ्याकडेच बघत बसली.

सुहास : खरंच हसलात?

नयनाअक्का : हसले, रडले, सगळं केलं. वर्षभरात माझ्या पोराला कोणी अशी हाक मारली नाही रे. मी दिसले की लोक भाजीचं बोलतात, पाण्याच्या टँकरचं बोलतात. केली त्याने आत्महत्या, हो. मनाने आजारी होता, सांगत नव्हता. पण म्हणून काय तो नव्हताच का कधी? घरात हेसुद्धा त्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. मी एकटीने किती घेऊ?

शंतनु : सुहास, दुसरी घंटा! मिशी, मिशी! अरे उलटी लावतोयस!

नयनाअक्का : ह्या अंकात हाक आहे ना रे पुन्हा?

सुहास : आहे. शेवटी मामा दिगूला जेवायला बोलावतो.

नयनाअक्का : मग श्रीरंगलाच बोलाव.

शंतनु : बोलाव रे बिनधास्त! काकू, पुढचं मी सावरतो, माझ्यावर सोडा!

सुहास : पण अक्का, आज श्रीरंगचे बाबा, अण्णाही आलेत ना? ते उठून गेले तर?

नयनाअक्का : मघाशी उठले होते. मी वळून बघितलं. दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले. पण पार मागे बसलेत रे, हाक स्वल्प मोठ्याने मार.