चालू टीव्ही उघडल्याबाबत

मी, सौ. तनुजा ऋषी कोंढाळकर, वय २९ वर्षे, व्यवसाय नोकरी (सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग इंजिनिअर), राहणार वारजे, पुणे, मूळ राहणार यवतमाळ. माझे पती ऋषी गेनबा कोंढाळकर यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या अर्जावरून मला पोलीस ठाण्यात बोलावले. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी, पती, दीर, सासरे व सासूबाई सरुबाई असे एकत्र राहत होतो. सासऱ्यांच्या जमिनीवर सोसायटी झाल्यापासून घर चार मजली आहे.

मला जुने संगणक व टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम जुन्या बाजारातून आणून उघडून पाहण्याची आवड आहे. आत कोणती चिप आहे, कोणी कशी जोडणी केली आहे, हे पाहते, फोटो काढते व पुन्हा जोडून चालू करते. एका गेमच्या आतल्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, कारखान्यात झालेली चूक कोणीतरी हाताने बारीक वायर डकवून दुरुस्त केली होती. लग्न ठरतेवेळी ती मी पतींना दाखवली. "भारीच की. तुला यासाठी एक खोलीच देतो," असे ते म्हणाले व लग्नानंतर तशी दिलीही.

मे २००९ मध्ये मी कंपनीच्या कामासाठी चेन्नईला गेले. परत आले तेव्हा त्या खोलीत पलंग होता. त्यावर नवीन चादर होती. पतींना विचारले असता, दिराच्या साखरपुड्याला पाहुणे आले आहेत म्हणून सामान भंगारवाल्याला दिले, असे त्यांच्यासमोरच म्हणाले. सर्व सामान चालू होते, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "आधीच तर फोडून ठेवलं होतंस. भंगार भंगारात गेलं." पाहुणे हसले. मी सर्वांना चहा दिला.

नंतर मी भंगारवाले रतन यांच्याकडे गेले. "ताई, आतल्या पाट्या गेल्या गाडीत. खोकी राहिलीत, बघा," असे ते म्हणाले. खोकी हातोड्याने फोडलेली होती. स्क्रू जागेवर होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली. पती कामावर गेल्यावर हॉलमधला एलसीडी टीव्ही भिंतीवरून उतरवून सतरंजीवर ठेवला व उघडला. सासूबाई तेथे आल्या.

"बंद पडलाय व्हय गं?"

"नाही, आत्या. चालू आहे. आत काय आहे ते बघतेय."

त्या ओरडतील असे वाटले होते. त्या खाली बसल्या. "ही हिरवी पाटी कशाची? आन् ह्या नळ्या?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले. स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यांनी वाटी आणून दिली. लग्नाला दोन वर्षे झाली. त्या घरात मला असे विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

पती घरी आल्यावर जे झाले त्याबाबत मला तक्रार द्यायची नाही. माझ्या डाव्या मनगटाला लागले आहे. ते स्क्रू ड्रायव्हरने लागलेले नाही. त्यावेळी सासूबाई कोठे होत्या, असे विचारल्यावरून सांगते की, त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

तेव्हापासून मी नारायण पेठेत मैत्रीण राजनंदिनी हिच्या खोलीवर राहते.

मी टीव्हीची तोडफोड केली, हे अर्जातील म्हणणे खरे नाही. एकही भाग तुटलेला नाही. सर्व भाग सतरंजीवर ओळीने ठेवले आहेत. तो पुन्हा जोडता येईल काय, असे मला विचारले. येईल. तुम्हाला येतो काय, असे विचारले. येतो. घरातली गोष्ट आहे, जाऊन तेवढा जोडून द्या आणि मिटवून टाका, असे मला सुचवण्यात आले. मी जोडून देणार नाही.

वर लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच त्यात आहे, आणि तेवढेच आहे.

समक्ष सही —
तनुजा कोंढाळकर