पिंप की कपाट

…आणि वर मलाच विचारतो, "बाबा, तुम्ही सांगा, पिंप घेऊ की कपाट?" चार महिने हेच चाललेलं. सकाळी दात घासताना पिंप, जेवताना कपाट, संध्याकाळी कामावरून आला की बूट काढायच्या आधी पुन्हा पिंप. तुम्हाला सांगतो, एवढा विचार त्याने राहतं घर घेताना केला नव्हता. घर एका सकाळी घेतलं, नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, चला म्हणाला. मी आपला दरवेळी म्हणायचो, बाळा, सावकाश बघ, मला काही घाई नाही.

पण थांबा, पिंप काय नि कपाट काय, तुम्हाला कसं कळणार. मुळापासून सांगतो. ही दोन्ही मांस भाजायची यंत्रं. स्मोकर म्हणतात, परसात ठेवायचं, धुरावर तासन् तास हळूहळू भाजायचं. पण त्यात लाकूड घालायचं नाही बरं का. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या येतात, पेलेट, दिसायला हुबेहूब कोंबडीचं खाद्य, आमच्या हिने तर नमुन्याची पिशवी बघून विचारलंच, "आणि कोंबड्या कधी यायच्या?" त्या गोळ्या बाजूच्या पेटीत ओतायच्या, आत मळसूत्र फिरतं, ते थोड्या थोड्या गोळ्या पुढे ढकलतं, जाळ आपोआप पेटतो, पंखा आपोआप फिरतो, आत किती तापलंय ते पोराच्या फोनवर दिसतं, आणि माणसाने काय करायचं? माणसाने काही करायचं नाही. हीच म्हणे त्याची खुबी. किंमत विचारू नका. मी विचारली होती, मग जरा वेळ पायरीवर बसलो.

तर त्यातल्या भारीतल्या भारी दोन यंत्रांवर पोराचं मन अडकलेलं. एक आडवं, गोल, जाड पत्र्याचं, ते पिंप. दुसरं उभं, दुहेरी भिंतीचं, पुढे दार, ते कपाट. खरी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, ही हिने ठेवलेली.

आता मूळ दुखणं सांगतो. मी बेकरीतला भट्टीवाला. बेचाळीस वर्षं. शाळेत गेलो नाही, पाटीवरचं अक्षर मला अजून कळत नाही, पण भट्टीत हात घातला की पाव आत्ता टाकायचा की पाच मिनिटांनी, ते मी सांगायचो आणि मालक ऐकायचा. काम सुटल्यावर परसात माझ्या हाताने विटांची एक चूल रचली. दर रविवारी सगळं घर परसात. कोंबडी म्हणा, मासा म्हणा, बटाटे म्हणा, भाजणार मी. आठवड्याचे सहा दिवस मला घरात कोणी काही विचारत नाही, वर्तमानपत्रासारखा या खोलीतून त्या खोलीत सरकवतात, पण रविवारी सगळे येऊन विचारतात, "बाबा, झालं का?" आणि मी म्हणतो, "नाही अजून." बास. एवढीच माझी मिजास.

आणि मग हा खोकला. सूनबाई नर्स आहे, तिला खोकल्यातलं सगळं कळतं, तिने डॉक्टरला दाखवलं, डॉक्टरने छातीला ते गार नळकांडं लावलं आणि म्हणाला, "आजोबा, धुरापासून लांब." झालं. दुसऱ्या दिवशी काय आलं घरात? आरामखुर्ची. यंत्राचा पत्ता नाही, खुर्ची आधी. पोरगा म्हणाला, "बाबा, आता तुम्ही इथे बसायचं, मांस तिकडे आपोआप होईल." तुम्हीच सांगा, मी खुर्चीत बसून हातांचं काय करू? मांडीवर ठेवले तर ते आपले चाळा करतात, पायाचा अंगठा उगाच हलतो, दर दोन मिनिटांनी उठतो, ही म्हणते, "खुर्चीत काय खिळे आहेत का?" तर असं आहे सगळं. माझ्या जागी कोणाला आणायचं, पिंपाला की कपाटाला, हे मलाच विचारायचं. मी काय सांगणार? बघ सावकाश. मला काही घाई नाही.

आणि यंत्र येईपर्यंत चूल माझ्याच हातात, म्हणून पोराचा स्वभाव माझ्या पथ्यावर पडला ना. तो लिफ्ट तपासतो. मोठमोठ्या इमारतींतल्या. दोर बघायचा, ब्रेक बघायचा, मग पुन्हा दोर बघायचा, आणि तीनदा बघितल्याशिवाय सही करायची नाही. चांगलंच आहे, तुम्ही आम्ही बिनघोर वर जातो ते त्याच्या सहीवर. पण तीच नजर घेऊन तो या यंत्रांच्या मागे लागला. कोणकोणत्या परक्या माणसांनी फोनवर काय काय लिहून ठेवलंय ते मला वाचून दाखवायचा. "बाबा, हा म्हणतो, पिंप घेतलं आणि आयुष्य बदललं." चांगलं आहे. "हा म्हणतो, पिंप घेतलं आणि गोळ्या पावसात भिजल्या, फुगल्या, मळसूत्र अडकलं, पाहुणे उपाशी गेले." अरेरे. "हा म्हणतो, कपाटात चौदा कोंबड्या मावतात." बाळा, आपण घरात चार माणसं. "हो, पण मावतात ना." सूनबाई भाजी चिरताना तिथूनच म्हणाली, "अहो, एवढा वेळ मला पसंत करायला नव्हता लागला." हा फोनमधून वर न बघता म्हणतो, "तुझ्यात दोन प्रकार नव्हते." त्या दिवशी भाजी जरा जाड चिरली गेली.

मग म्हणाला, बाबा, दुकानात जाऊ, प्रत्यक्ष पेटवून बघू. गेलो. दुकानाच्या मागे मोकळ्या जागेत दोन्ही मांडलेली, पेटवलेली, आणि शेजारी काळ्या कोटातला विक्रेता, तरतरीत, केस बसवलेले. पोराने विचारलं, "आत सगळीकडे सारखं तापतं का?" तो म्हणतो, "काका, कुठेही हात घाला. एकदम सारखं." असं भट्टीवाल्याला कोणी म्हणतं का हो? मी बाही सरकवली आणि पिंपात हात घातला. आम्ही आकडे मोजतो. हात धरवेनासा होईपर्यंत मोजायचं. मध्ये नऊ, उजवीकडे नऊ, पुढे नऊ, आणि डावीकडे मागच्या कोपऱ्यात मोजतोय, दहा, अकरा, बारा, तेरा… विक्रेता घाबरला, "काका, भाजाल." म्हटलं, तुमचा तो कोपरा गार आहे. तो हसला, पोराने खिशातून तापमापक काढलं. हो, तो खिशात तापमापक घेऊनच आला होता. वीस अंश कमी. विक्रेत्याचं हसू तिथल्या तिथे गार. "काका, हे दाखवायचं मशीन आहे, विकायचं वेगळं." मग कपाटात हात घातला. खालचा कप्पा वरच्यापेक्षा उतावळा.

खरं सांगू का मंडळी? हे मला न बोलताही चाललं असतं. एवढ्या तेवढ्या फरकाने कोंबडीचं काय बिघडतं, फिरवून ठेवायची. पण मी पाहिलं, पोराने यंत्रांच्या टिपणांची वही काढली, आधीची सगळी पानं आडवी रेघ मारून खोडली आणि म्हणाला, "बाबा, आता सगळं पहिल्यापासून." माझ्या छातीत असं गार गार वाटलं ना. पहिल्यापासून म्हणजे अजून महिना, म्हणजे अजून चार रविवार माझ्या चुलीचे. तोंडाने मी एवढंच म्हटलं, बघ बाबा, मला काही घाई नाही.

मग काय, दुसरं दुकान, तिसरं दुकान. दुसऱ्या दुकानाला निघताना हिने मला पुडीत चिमूटभर पीठ बांधून दिलं. बेकरीतली आमची रीत अशी, भट्टीच्या तळावर पीठ भिरकावायचं आणि मोजायचं, दहाच्या आत काळं झालं तर भट्टी जास्त तापलीय, वीस झाले तरी पांढरं तर अजून लाकूड हवं. पिठासारखं खरं बोलणारं कोणी नाही. गेलो, झाकण उघडलं, घेतलं पीठ, टाकलं. आता मला काय ठाऊक की बेकरीच्या भट्टीत पंखा नसतो आणि ह्याच्यात असतो? टाकलं त्याच्या दुप्पट पीठ वर आलं. इथला विक्रेता निळ्या सदऱ्यातला, तो पांढऱ्या सदऱ्यातला झाला. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, माझ्याच वयाचा दिसायला लागला. यंत्र टूं टूं करून बंद पडलं. मी मान खाली घालून उभा, आणि पोरगा? पोरगा वहीत लिहितोय, "पंखा जोरदार." तिसऱ्या दुकानात आम्ही दारात पाय ठेवला तेवढ्यात आतून एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "ते हातवाले आजोबा आले." दुकानदारांनी एकमेकांना कळवून ठेवलं होतं.

असे चार महिने गेले. हिने एकदा मला परसात गाठलं. हातात बादली, कमरेवर हात. म्हणाली, "तुम्हीच लांबवताय ना?"

"मी कशाला लांबवतोय? मला काही घाई नाही एवढंच म्हणतो."

"तेच ते. पन्नास वर्षं झाली मला तुमच्याबरोबर. तुम्हाला घाई नसते तेव्हा तुमच्या मनात काहीतरी असतं."

बायकोपुढे माणसाने बोलू नये. निखारे सारखे करत बसलो.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी काय झालं ते सांगतो, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. लाकूड जरा ओलं होतं. धूर जास्त झाला. मला खोकला आला तो थांबेचना. एक उबळ, दुसरी, तिसरी, डोळ्यांपुढे काजवे, हातातला चिमटा पडला. सूनबाई धावली, तिने पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं, सगळं बरोबर केलं. पण माझी नजर पोरावर गेली. तो चुलीच्या पलीकडे उभा, पडलेला चिमटा त्याने उचललेला, आणि तो नुसता उभा. चाळीस मजल्यांचा दोर हातात धरून बघणारा माणूस, आणि त्याला कळत नव्हतं की चिमटा कुठे ठेवू. लहानपणी बेकरीत हरवला होता एकदा, पिठाच्या पोत्यांमागे सापडला, तेव्हा असाच दिसत होता.

खोकला थांबल्यावर मी म्हटलं, "पिंप घे."

तो म्हणाला, "बाबा, पण तो गार कोपरा?"

"कोपऱ्यात बटाटे ठेवू. घे."

"नक्की? कारण कपाटाची भिंत दुहेरी…"

"उद्याच्या उद्या घे."

आलं पिंप. तीन माणसांनी उचलून आणलं. पोराने स्वतः बसवलं, तीनदा तपासलं, सही तेवढी करायची राहिली. पहिल्या रविवारी सकाळी कोंबडी आत ठेवली, झाकण लावलं, मला खुर्चीत बसवलं, आणि कुठेशी लिफ्ट अडकली म्हणून त्याला बोलावणं आलं. गेला. मी बसलो. पिंप आपलं घूं घूं करतंय. दहा मिनिटं बसलो. वीस मिनिटं बसलो. अहो, आत काय चाललंय ते कळायला नको? आवाजावरून कळत नाही, वासावरून अर्धंच कळतं. उठलो, झाकण वर केलं, एवढंसं, बघितलं, लावलं. घरात फोन वाजला. हिने आणून कानाला लावला.

"बाबा, झाकण कोणी उघडलं का?"

मी इकडे तिकडे बघितलं. "तुला कोणी सांगितलं?"

"पिंपाने. फोनवर निरोप आला."

चुगली करतं ते. बेचाळीस वर्षांत एका भट्टीने माझी चुगली केली नव्हती. मी म्हटलं, "वारा असेल रे."

"बाबा, ते झाकण अकरा किलोचं आहे."

"मोठा वारा होता."

त्या दिवशी सात वेळा वारा आला. सातही वेळा फोन आला. सूनबाई म्हणाली, "बाबा, आम्ही पेशंटलासुद्धा दर पाच मिनिटांनी उठवून विचारत नाही." ही म्हणाली, "शिजू द्या की तिला, काय धीर द्यायला जाताय?" पोरगा सातव्या वेळी फोनवर रडकुंडीला आला, "बाबा, प्रत्येक वेळी अर्धा तास वाढतो हो." आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. कोंबडी संध्याकाळी सातला झाली, सगळे भुकेने कळवळलेले, मधूनमधून येऊन विचारत होते, "बाबा, झालं का?" आणि मी म्हणत होतो, "नाही अजून."

दुसरा रविवार तसाच गेला. पाच वेळा वारा, पाच फोन. तिसऱ्या रविवारी पोरगा भाजी आणायला बाजारात गेला, मी उठलो, झाकण उघडलं, लावलं, आणि घराकडे कान देऊन थांबलो. फोन नाही. म्हटलं, गर्दीत ऐकू आलं नसेल. पुन्हा उघडलं, जरा जास्त. फोन नाही. तिसऱ्यांदा तर सरळ आ वासून उघडं ठेवलं आणि मोजलं, एक ते शंभर. काही नाही. एवढ्यात पोरगाच पिशव्या घेऊन परसात आला. मी झाकण धरून उभा, लपवणार कुठे? त्याने बघितलं. म्हणाला, "कसं दिसतंय, बाबा?" आणि आत निघून गेला.

नंतर सूनबाईने सांगितलं. म्हणाली, "अहो, त्यांनी झाकणाचा निरोपच बंद करून टाकलाय. म्हणाले, उघडू दे बाबांना हवं तेवढं, उशीर झाला तर झाला."

आता सांगा. मुलगा चांगला आहे, यात वाद नाही. पण कोणी हटकणारच नाही, कोणी फोन करणार नाही, कोणी रडकुंडीला येणार नाही, तर अकरा किलोचं झाकण माणसाने उचलायचं तरी कशाला?

गेल्या रविवारी मी झाकणाला हात लावला नाही. आठ तास खुर्चीत बसून होतो. आणि कोंबडी… काय सांगू तुम्हाला, फारच छान झाली हो.