बाराव्या बाईचा प्रश्न

(नारीन या डोंगराळ प्रांतातल्या एका गावाचा छोटा दवाखाना. भर दुपार. बाहेर तीन दिवसांपासून बर्फ पडतोय. नर्स बुरुल आणि गावातली जिपार. दोघीही गरोदर. इथे 'एजे' म्हणजे ताई, 'आके' म्हणजे दादा.)

जिपार: ते सगळं ऐकलं, एजे. हात दुखेल, कणकण येईल, बाळाला आईकडूनच ताकद मिळेल. पाठ झालंय मला. मी विचारतेय ते वेगळंच आहे. ही फ्लूची लस तुम्ही स्वतः घेतलीत का?

बुरुल: माझं काय मध्येच? बाही वर कर.

जिपार: सासूबाईंनी बजावून पाठवलंय. म्हणाल्या, बुरुलला सातवा चाललाय, तिने घेतली असेल तर घे, नाहीतर तशीच परत ये. अख्खं गाव तुमच्या पोटाकडे बघून ठरवतंय.

बुरुल: अकरा जणींनी घेतली. एकीलाही काही झालेलं नाही.

जिपार: त्या अकरा जणींनीही हेच विचारलं असेल ना? काय सांगितलंत त्यांना?

बुरुल: हो म्हणाले.

जिपार: मग मलाही म्हणा की. एवढा वेळ का लागतोय?

मेदेर: (बुरुलचा नवरा, आत येत) दार लावून घेतो, बर्फ आत येतोय. बुरुल, आवर आता. घोडा गाडीला जुंपून ठेवलाय, फार वेळ उभा राहायचा नाही तो.

जिपार: बरे आलात, मेदेर-आके. तुम्हीच सांगा. तुमच्या बायकोने फ्लूची लस घेतलीय ना?

मेदेर: घेतलीय.

जिपार: कधी?

मेदेर: मागच्या महिन्यात. दोन दिवस हात दुखत होता तिचा. कणीक मी मळली.

जिपार: झालं तर मग. हा घ्या दंड, एजे.

बुरुल: बाही खाली कर, जिपार.

जिपार: आता काय?

बुरुल: मी घेतलेली नाही.

मेदेर: बुरुल.

बुरुल: तू किती सहज बोललास रे. कणकेसकट. दोन महिने मीही असंच बोलत आलेय. दुसऱ्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.

जिपार: थांबा जरा. म्हणजे सइरा, शेजारची नाझगुल, ती गुराख्याची सून, सगळ्या तुमच्या शब्दावर टोचून घेऊन गेल्या?

बुरुल: लस चांगली आहे. ते खोटं नव्हतं.

जिपार: चांगली आहे, तर तुमच्या दंडाला का नाही?

मेदेर: तिला नको विचारूस. मी नको म्हटलंय.

जिपार: आणि मला मात्र 'दोन दिवस हात दुखत होता'? माझं पोट काय मातीचं आहे, आके?

मेदेर: तुझं पहिलंच आहे. आमची दोन पोटातच गेली. दुसऱ्या वेळी हिने सुई घेतली आणि नवव्या दिवशी गेलं. कापडात गुंडाळून टेकडीवर मीच नेऊन पुरलं. मला अक्कल शिकवू नकोस.

बुरुल: जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं होतं, त्या सुईचा काही संबंध नाही. पहिल्या वेळी तर मी काहीच टोचून घेतलं नव्हतं, तरी गेलंच. हे मला कळतं, जिपार. चौदा वर्षं हेच काम करतेय. गेल्या हिवाळ्यात अनारा याच खाटेवर गेली, आठव्या महिन्यात, फ्लूने. घाट बंद होता. तिच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क मी धरून बसले होते. तेही कळतं. आणि तरी रोज सकाळी फ्रिज उघडते, सुई हातात घेते, आणि मनात नऊ दिवस मोजायला लागते. मग परत ठेवते.

जिपार: अनारा फ्लूने गेली? आम्हाला तर सांगितलं, हृदय कमजोर होतं.

बुरुल: तिच्या सासरच्यांनी तसं सांगितलं. मी गप्प बसले.

जिपार: बरंच गप्प बसता तुम्ही. आता मी काय करू?

बुरुल: घरी जा. सासूबाईंना खरं काय ते सांग.

जिपार: घरी. घरात सासूबाईच परवापासून खोकतायत. दिराची दोन पोरं शाळेतून ताप घेऊन आलीत. चूल एकाच खोलीत, म्हणून पाच जण तिथेच झोपतो. नवरा मॉस्कोत. फोनवर म्हणतो, आई म्हणेल तसं कर. माहेर घाटापलीकडे. मी जाऊ कुठे, एजे? तुमच्याकडे नऊ दिवस तरी आहेत मोजायला.

बुरुल: मग?

जिपार: मग टोचा.

बुरुल: हे सगळं ऐकल्यावरही?

जिपार: ऐकलं म्हणूनच. अनाराचं जिने आज सांगितलं, ती सुईबद्दल खोटं बोलणार नाही. स्वतःबद्दल बोलली असेल.

बुरुल: हात सैल सोड. खिडकीकडे बघ. झालं. पंधरा मिनिटं इथेच बस.

जिपार: बसते. आणि घरी सांगते की तुम्ही घेतलीत. नाहीतर सासूबाई दारात उभं करायच्या नाहीत. तुमचं खोटं आता माझ्याही घरात राहायला आलं.

बुरुल: उद्यापासून अकरा घरांत मी स्वतः जाऊन खरं सांगणार आहे.

जिपार: मग आमच्या घरी सगळ्यात शेवटी या.

मेदेर: गेली एकदाची. पंधरा मिनिटांत एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिने.

बुरुल: एकच सुई उरलीय, मेदेर. घाट उघडेपर्यंत दुसरी येणार नाही.

मेदेर: म्हणजे घेणार तू.

बुरुल: घेतली म्हणते तेव्हा लाज वाटते. नाही घेतली म्हणते तेव्हा अनारा दिसते. आणि घ्यायला गेले की ते टेकडीवरचं. कुठूनच वाट नाही मला.

मेदेर: आणि नवव्या दिवशी काही झालं तर?

बुरुल: माझ्यावर ढकल.

मेदेर: तेच तर नकोय मला. गेल्या वेळी ढकललं होतं. तोंडाने नाही बोललो. मेंढ्यांचं निमित्त करून चार महिने वर कुरणात जाऊन राहिलो. तुला वाटलं, दुःखात आहे.

बुरुल: मला माहीत होतं.

मेदेर: काय माहीत होतं?

बुरुल: दुःखातला माणूस बायकोकडे बघतो तरी. तू बघत नव्हतास.

मेदेर: कधी बोलली नाहीस.

बुरुल: तू परत आलास ना. मग काय बोलायचं?

मेदेर: पुन्हा तसाच झालो तर, बुरुल? तुला सुईची भीती आहे. मला माझी आहे.

बुरुल: माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.

मेदेर: हल्ली कुठल्या कुशीवर झोपतेस?

बुरुल: डाव्या. का?

मेदेर: मग उजव्या दंडाला घे. डावा दुखला तर झोप लागायची नाही.

बुरुल: उजव्याला माझी मला टोचता येत नाही. डावा हात चालत नाही तेवढा.

मेदेर: मेंढ्यांना मीच देतो की सुया.

बुरुल: मेंढीला कातडीखाली देतोस. ही सरळ आत जाते, मांसात.

मेदेर: मग दाखव, कशी धरायची.