जलालची उडी

नाय नाय, शूटिंगला माळ देत नाय असं मी कुठं म्हणलं? बसा की तुमी. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय तुमच्या मागच्या पिक्चरच्या हिरोसारखा हाय — दिसायला हाय, वजन घ्यायला नाय. बाकावर बसा. तर काय म्हणत होता, यंदाचा पिक्चर मागच्यापेक्षा मोठा? आणखी मोठा? अहो, मागचाच एवढा मोठा होता की त्यातली गोष्ट कुठं सांडली ते कुणाला सापडलं नाय! तुमी कंपनीत नवीन दिसता. मागच्या वेळी दुसरा आला होता, दाढीवाला, तोपण ह्याच बाकावर बसून म्हणाला, गजाभाऊ, कळंब आता सगळ्या जगाला दिसणार. दिसलं का? तुमी बघितलाय ना तो पिक्चर? खरं सांगा. — हां, अर्धाच. बघा, तुमी पगार घेऊन अर्धा बघितला, आमी तिकीट काढून पुरा.

आणि ट्रेलर काय होता ओ त्याचा! धडाम, धडाम, घोडा, हेलिकॉप्टर, आमच्या ओढ्यावरचा साकव पेटलेला — आमची बायको आवडी उलथनं हातात धरून तशीच उभी, भाकरी करपली. आणि पिक्चर? हिरो चालतोय. नुसता चालतोय. मागं स्फोट होतोय आणि ह्याच्या केसाची बट हलत नाय. मी एकदा सुतळी बॉम्ब जरा जवळून लावला, तर दिवाळीत गेलेल्या माझ्या भुवया शिमग्याला परत आल्या — हसू नका, खरं हाय. म्हणजे अर्धं खरं हाय. कळंबात माझ्या बोलण्यातलं अर्धं वजा करून ऐकायची पद्धतच हाय, म्हणून मीपण दुप्पट करून बोलतो, सगळं बरोबर बसतं. तर तो व्हिलन — मारायच्या आधी एवढं भाषण करतो की आमच्या ग्रामसभेत त्याला खाली बसवला असता. गाड्या उडतात, पण कशा? भाजल्या पापडासारख्या. आणि आमचा माळ! हिरवागार माळ तुमी पिवळा केलात आणि त्यावर उंट सोडलेत. पोरं थेटरात ओरडायला लागली, गजाकाका, आपलं गाव कुठाय? म्हणलं, कावीळ झालीय रं, उतरली की दिसेल.

पण ते सोडा. पिक्चर पडेल निघाला म्हणून रुसणारा माणूस मी नाय. असे पन्नास बघितले, खारे शेंगदाणे खाल्ले, घरी आलो. दुखणं वेगळंच हाय. जलाल माहीत नाय ना तुमाला? कसा असणार, तुमी त्याला ठेवला कुठं!

जलाल आमचा टेंपोवाला. भातकाढणी झाली की पेंढा भरायचा आणि तबेल्यांना पोचवायचा. भरायचा असा की टेंपो दिसायचाच नाय, अख्खी गंजीच रस्त्यानं निघालीय असं वाटायचं. तुमच्या लोकांना नेमका तसाच टेंपो पायजे होता — बांधावरनं ओढ्यापलीकडं उडवायला. आता, उडी मारणारा मुंबईचा माणूस ऐन वेळी कंबर धरून बसला. डायरेक्टर इकडं बघतोय, तिकडं बघतोय, तोवर आमच्या जलालनं हिरोच्या जाकिटात एक हात घातलापण होता! पोटावर बसेना ते. मी म्हणलं, जलाल, श्वास आत घे. म्हणाला, घेतलाय रं, हे बाहेर राहिलेलं पोट हाय.

आमी सगळे मागं, दोरीच्या अलीकडं. कॅमेरा ओढ्याच्या पल्याड. आमाला दिसला तो नुसता पेंढा. टेंपो बांधावर चढला, हवेत गेला — आंब्याच्या शेंड्याएवढा — बरं, अर्धा करा — आणि धाडकन पलीकडं! आणि हा खाली उतरून, केसात पेंढा, धावत माझ्याकडं. म्हणतो, गजा, मी कॅमेऱ्याकडं बघून हसलो रं! तोंड खाली घाल म्हणून सांगितलं होतं त्यांनी, पण अम्मा बघायला बसणार, तिला तिचा पोरगा कळला पायजे का नको? सगळे दात दाखवले! मग काय, नेरळपासून कर्जतपर्यंत प्रत्येक टपरीवर हेच. असं बघितलं, असं हसलो. मी दुसऱ्याचं बोलणं पण अर्धं करूनच ऐकतो, सवय हाय. हे तेवढं पुरं ऐकलं. पुरं.

मग ताप आला त्याला. साधाच वाटला. — नाय, तुमचा काय दोष, ताप कुणालाही येतो. पिक्चर लागायच्या आधीच गेला.

त्याची आई, खतीजाचाची, तिला मोतीबिंदू. मोबाईलमधला अंगठ्याएवढा जलाल तिला दिसत नाय, नुसतं हलतं. मला म्हणाली, गजा, भिंतीएवढा दिसेल ना रं तिथं? म्हणलं, चाची, भिंतीच्या बाहेर येईल. गेलो सगळे खोपोलीला, जलालच्याच टेंपोतनं, पेंढ्याच्या जागी माणसं. चाची मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जलालची पोरगी सिद्रा. आणि तो बांध आला. टेंपो आला — लाल, चकचकीत, कॉम्प्युटरवर काढलेला, पेंढ्याची काडी नाय त्यात! आत तुमचा हिरो, काळा चष्मा, बट जागच्या जागी. जलाल नाय. चाचीनं माझं मनगट धरलं. आला का रं?

काय सांगणार? म्हणलं, आला चाची. बांधावर चढला.

एकदा चढला म्हणल्यावर उडवायला नको? उडवला. मग हेलिकॉप्टर मागं लावलं, जलालनं पेंढ्याचा भारा फेकून ते पाडलं, साकवावरनं व्हिलनला कॉलर धरून — अहो, मागच्या रांगेतले आधी शू शू करत होते ते गप्प झाले, त्यांनापण पडद्यावरच्यापेक्षा माझाच बरा वाटला! चाचीनं एकच विचारलं. हसला का? म्हणलं, हसला. सगळे दात. तिनं पदर तोंडाला लावला. सिद्रा माझ्याकडं बघत होती. अंधारात पण कळतं ओ, पोरगी कशी बघतेय ते.

आता चाची दहिवलीपर्यंत सगळ्यांना सांगत फिरते, माझ्या जलालनं हेलिकॉप्टर पाडलं. आणि परवा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. पट्टी सुटली की पयला जलालचा पिक्चर बघणार, मोबाईलवर आलाय आता तो. सिद्रा दारात येऊन म्हणाली, काका, तेव्हा दादीला काय सांगाल? एवढंच बोलली. चहा पण नाय घेतला. लहानपणी ह्या बाकावरनं उठायची नाय माझ्या गोष्टी ऐकताना.

म्हणून माळ अडवलाय. मला जलालचा तुकडा पायजे. तुमी कापला असेल, टाकला असेल, कुठंतरी असेलच ना? तो आणा, मग माळ घ्या, ओढा घ्या, पिवळा करा, निळा करा — तुमी काय टाइप करताय मघापासून? कोण? एडिटिंगवाला? त्याच्याकडं सगळं असतं? मग आधी का नाय बोललात! — काय म्हणतो? तोंड दिसत होतं म्हणूनच कापला? अहो, तेच तर — हिरोचं तोंड त्यावर बसेना? का बसेना, हसरं होतं म्हणून?

आला? द्या. द्या इकडं.

हां, हा आमचा बांध. हिरवा हाय बघा! आला, आला — अरे. एवढीच? एवढीच उडी? ही तर आमची म्हैस मारते. असो, उडी काय, उडी वाढवता येते, तोंड — थांबवा. तिथं थांबवा. मोठं करा.

हसत नाय हा.

डोळे मिटलेत. गच्च मिटलेत ह्यानं. — आणि आमाला काय सांगत फिरला? असं बघितलं, असं हसलो! टपरी टपरीवर! आणि मी, मी अर्धंसुद्धा वजा न करता — मला फसवलंस रं जलाल? मला? त्या पिक्चरवाल्यांचं एक सोड, ते कोण आपले, पण तू —

परत लावा. आवाज नाय ह्याला? बरं. हळू होतं का? करा. ते दात नायत, तोंड उघडलंय त्याचं. कायतरी म्हणतोय. उघडं... मिटलं... परत उघडं. परत लावा. उघडं, मिटलं, उघडं.

अम्मा म्हणतोय.

...

साहेब, माळ बघायचा होता ना तुमाला? त्या गोठ्यामागनं वाट हाय. या जाऊन. नाय, मी नाय येत, एकटेच जा. सावकाश बघा सगळा.

फोन राहू दे इथं.