बटाट्याचे मागचे पाय

(जनावरांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. टेबलावर टॉवेलात गुंडाळलेला गिनीपिग. एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला ताई आणि तिचा धाकटा भाऊ.)

धाकटा: लाथच मारलीय त्याने. तुम्ही एवढंच लिहून द्या, मागचे पाय लाथेने गेले म्हणून. खाली सही करा, आम्ही निघतो.

डॉक्टर: आधी हात धुवा. तिथे कोपऱ्यात बेसिन आहे. टेबलावर रक्त गळतंय तुमचं.

धाकटा: माझं नाही ते. माझं थोडंसंच आहे.

डॉक्टर: ज्याचं असेल त्याचं. धुवून या. ताई, तुम्ही सांगा. हा कधीपासून असा आहे?

ताई: आज सकाळीच लक्षात आलं. एरवी फ्रिजचं दार वाजलं की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेतो. आज गप्प. उचलायला गेले तर किंचाळला. खाली ठेवला, तर पुढच्या पायांवर स्वतःला ओढत कोपऱ्यात गेला. मागचे पाय नुसते फरफटत होते.

डॉक्टर: नाव काय याचं?

ताई: बटाट्या. मुलीने ठेवलंय. घरी दुसरा आहे, कापूस. तो ठीक आहे.

धाकटा: नाव कसलं विचारताय? मी सांगतो काय झालं ते. मी यांच्यासाठी खाद्याची पिशवी घेऊन गेलो, तर भाची दारातच रडत उभी. म्हणाली, मामा, बटाट्या चालत नाही, आणि काल बाबा खूप ओरडत होते. मला कळायचं ते कळलं. दाजी आरशासमोर दाढी करत होते. दाजी कसला, तो. मागून मानगूट धरली आणि तोंड आरशावर आपटलं. आरसा फुटला तरी आपटत राहिलो. मग खाली पाडला आणि म्हटलं, आता तू चालून दाखव. आणि गुडघ्यावर बुटाची टाच घातली. कडकन वाजलं.

डॉक्टर: हे मला कशाला सांगताय?

धाकटा: त्याला हॉस्पिटलात ठेवलंय. तिथून पोलिसांना कळवलंय. मला चौकीत बोलावलंय. जाताना हातात काहीतरी नको का? मुक्या जनावराला लाथ घालणारा माणूस आहे, डॉक्टरांनीच लिहून दिलंय, असं म्हटलं की साहेब लोकही जरा नरमतात.

डॉक्टर: एक्स-रे काढलाय याचा. इकडे या, बघा. हा पाठीचा कणा. मणके जागच्या जागी. कंबर शाबूत, मांडीची हाडं शाबूत. गुडघे सुजलेत, पण दोन्ही अगदी सारखे. लाथ अशी मापात बसत नाही.

धाकटा: मग चालत का नाही?

डॉक्टर: तेच बघतेय. ताई, टॉवेल धरा, तोंड उघडते याचं. या हिरड्या बघा. नुसत्या बोटाने रक्त येतंय. खायला काय घालता?

ताई: गोळी. माझ्या ह्या भावाचं प्राण्यांच्या खाद्याचं दुकान आहे, तिथलीच. पिशवीतच आहे, ही घ्या.

डॉक्टर: ही सशाची गोळी आहे.

धाकटा: हो, मग? गिनीपिगची यायची बंद झाली, सशाची गोदामात पडून होती. ससा काय आणि हा काय. दोघं कुरतडतात, दोघं लेंड्या टाकतात. कान लांब नि आखूड, एवढाच काय तो फरक.

डॉक्टर: आणखी एक आहे. सशाच्या अंगात क जीवनसत्त्व आपोआप तयार होतं. याच्या होत नाही. तुमच्या-माझ्याही होत नाही. म्हणून याला ते रोज खाण्यातून द्यावं लागतं. सशाच्या गोळीत ते असेलच असं नाही. हिरवं काही देत होता? पालेभाजी, ढोबळी मिरची?

ताई: आधी द्यायचे. हा म्हणाला, पाल्याने पोट बिघडतं, बंद कर. ह्याचा धंदाच तो, म्हणून ऐकलं.

धाकटा: सगळे दुकानदार तेच सांगतात.

ताई: पण मग कापूस कसा चालतो?

डॉक्टर: तो काय खातो?

ताई: मिळेल ते. मी भाजी चिरायला बसले की सुरीखालून सालं, देठ पळवतो. बटाट्या नखरेल आहे. गोळीशिवाय कशाला तोंड लावत नाही.

डॉक्टर: मग झालं तर. सांधे आतून रक्ताळलेत, पाय टेकवला की कळ जाते. अचानक दिसलं, पण आत बरेच दिवस चाललं होतं. हे प्राणी दुखणं लपवतात. अगदी पाय गेल्यावरच आपल्याला कळतं. याला कुणी मारलेलं नाही.

धाकटा: खोटं आहे हे. परत बघा.

डॉक्टर: ती औषधाची बाटली खाली ठेवा.

धाकटा: परत बघा म्हणतोय ना. काहीतरी मोडलं असणार. मोडलेलंच असलं पाहिजे.

डॉक्टर: फोडलीत. बरं. काचेवर पाय देऊ नका कुणी. आणि आवाज खाली, हा घाबरून मरेल. तुम्हाला हवं म्हणून काय याचं हाड मोडून देऊ?

धाकटा: ताई, तू सांग यांना. मारलं ना त्याने याला?

ताई: नाही.

धाकटा: नाही? मग तेव्हा का नाही बोललीस? मी त्याला आपटत होतो, तू तिथे उभी होतीस. पिंजऱ्यावर चादर टाकलीस, पोरीला गॅलरीत घालून कडी लावलीस. मला थांब म्हणाली नाहीस.

ताई: नाही म्हणाले.

धाकटा: का?

ताई: ह्यांनी बटाट्याला कधी बोटही लावलं नाही रे वाईट. कामावरून आले की मांडीवर घेऊन बसायचे. कानामागे खाजवायचे. इतका हलका हात, की मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायचे. वाटायचं, हाच हात आहे ना.

धाकटा: हाच म्हणजे?

डॉक्टर: ताई, इंजेक्शन देते, त्याला उजव्या हाताने खालून आधार द्या. उजव्या. वळत नाही का मनगट?

ताई: नाही वळत. जुनं आहे.

डॉक्टर: दिसतंय. मी जनावरांची डॉक्टर, पण वाकडं जुळलेलं हाड मला कळतं.

धाकटा: जिन्यावरून पडली होती ती. मीच नेलं होतं प्लास्टर घालायला.

ताई: जिन्यावरून नव्हते पडले. ह्यांनी माझा हात चौकटीत धरला आणि दार ओढलं. पहिल्यांदा नीट बसलं नाही, म्हणून परत ओढलं. मुलगी आत झोपली होती, म्हणून मी पदर तोंडात कोंबला.

धाकटा: ताई.

ताई: आज तू त्यांची मान धरलीस ना, तेव्हा मला वाटलं, तुला कळलं. कुठून तरी कळलं एकदाचं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. एकेक दणका ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आता थांबू नकोस. मग तू ओरडलास, मुक्या जिवाला मारतोस काय म्हणून.

डॉक्टर: झालं इंजेक्शन. रोज आणा काही दिवस. थेंब देते, तेही पाजा. हळूहळू उभा राहील.

ताई: नक्की राहील?

डॉक्टर: खायला लागला तर राहील. गोळी बंद. आणि ताई, तुमचं मनगट हाडांच्या डॉक्टरला दाखवा. आजच. कसं झालं तेही त्यांना सांगा, ते लिहून घेतील. हवं तर मी येते बरोबर.

ताई: दाखवते.

धाकटा: मला का नाही सांगितलंस गं?

ताई: तू विचारलंस, पडलीस का. मी हो म्हटलं. तू मान हलवलीस आणि भाचीला माझ्या प्लास्टरवर फूल काढायला पेन दिलंस. बटाट्याला मात्र काही विचारत बसला नाहीस.

धाकटा: आता चौकीत काय सांगू मी? कशासाठी मारलं, ते विचारतीलच.

ताई: खरं तेच सांग. गिनीपिगसाठी मारलं म्हणून. माझं काय ते मी येऊन सांगते. माझ्यासाठी मारलं, असं मात्र सांगू नकोस.