पिकअपची चावी

माजी सैनिकांच्या दवाखान्यात व्हर्ना लिंडक्विस्ट आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. एकेकाळी ती युद्धावर परिचारिका होती. आता गुडघे गेले होते, पण कान शाबूत होते, आणि ते शेजारच्या जोडप्याकडे लागले होते. समोर टीव्हीवर एका लढवय्या शिपायाच्या सिनेमाचा चौथा भाग चालला होता. नवरा तिकडे बोट दाखवत होता.

"बघ नेडीन, स्वतःची जखम स्वतः शिवतोय. हूं नाही की चूं नाही. आणि मी आत जाऊन त्या समुपदेशनाच्या गटात गोलात बसून रडगाणं गाऊ? पिकअपची चावी दे."

"नाही देणार. चार भाग झाले त्याचे. एवढं जाळलं, पाडलं. एकदा तरी घरी किराणा आणला का त्यानं?"

"त्याला घर कुठंय?"

"तेच म्हणतेय, अर्ल. तुला आहे, तरी गॅरेजमध्ये झोपतोस. आजही इथून पळालास, तर यापुढे खुशाल एकटा राहा."

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

व्हर्नाला राहवलं नाही. "ऐकतेच आहे मी. युद्धावरच्या तंबूत पुष्कळांना टाके घातलेत. गप्प एकही नव्हता. सगळे आईला हाका मारायचे."

"सगळे?"

"सार्जंटसुद्धा."

"मी सार्जंटच होतो, बाई."

आतलं दार उघडलं. "अर्ल प्रुइट!"

अर्ल उठला, टीव्ही बंद केला आणि बायकोपुढे हात पसरला. नेडीननं पर्स छातीशी घट्ट धरली.

"चावी नकोय गं. रुमाल दे."