कवळ्यांची अदलाबदल

बारकी : डॉक्टरांचंच काम आहे हे. दुसरं कोण असणार? मी चौकशीसाठी दोनच नावं दिली होती काका. एक तुमचं, एक त्यांचं.

काकू : अहो, ते पॉलिशचं मशीन बंद करा आधी. पोरगी रडकुंडीला येऊन बसलीय आणि तुमचं आपलं घर्रर्र चाललंय.

काका : हातातलं होऊ दे. एवढी एक कवळी...

काकू : एवढी एक कवळी सकाळपासून तिसऱ्यांदा घासताय. आता दात झिजून नुसत्या हिरड्या उरतील. बंद करा म्हणते ना!

(मशीन बंद होतं.)

काकू : हं. आता वाच गं ते पत्र. फोनवर तू इतकी भरभर बोललीस की मला धड काही कळलं नाही.

बारकी : काही मोठं नाहीच आहे वाचायला. 'आपण दिलेल्या संदर्भांकडे चौकशी केल्यानंतर रुग्णालयाने आपल्या नेमणुकीचा प्रस्ताव मागे घेतला आहे. आपले काही म्हणणे असल्यास आज सायंकाळी सहापर्यंत लेखी कळवावे.' संपलं. मी फोन केला तिथल्या बाईंना. म्हटलं, काय कळवू? माझ्याबद्दल कोण काय बोललं ते तरी सांगा. तर म्हणाल्या, ते सांगता येत नाही. म्हणजे आरोप काय ते माहीत नाही, आणि उत्तर मात्र सहाच्या आत द्या.

काकू : अशी कशी माणसं म्हणायची ही!

बारकी : बारा वर्षं काकू. बारा वर्षं या खोलीत मेणावर दात बसवलेत मी. दंत रुग्णालयात कवळी विभाग सांभाळायला मिळणार होता. तीन माणसं हाताखाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. लेकीला सांगून बसलेय की आता आई चार वाजता घरी येणार. ती वर्गात सगळ्यांना सांगत सुटलीय.

काका : पाणी पी.

बारकी : पाणी नको. मी निघते. पाचला डॉक्टरांचा दवाखाना उघडतो. बाहेर पेशंट बसलेले असोत नाहीतर त्यांचा सासरा बसलेला असो, सगळ्यांसमोर विचारणार आहे. माझ्या तोंडावर 'जा, मोठी हो' म्हणालात आणि पाठीमागून हे? मला माहितेय त्यांनी काय काढलं असणार. मास्तरांच्या कवळीचं प्रकरण.

काकू : तीन वर्षांपूर्वीचं?

बारकी : दुसरं आहे काय माझ्याविरुद्ध?

काकू : बिचारे मास्तर. आठ दिवस दुसऱ्याच एका आजींची कवळी तोंडात घालून हिंडत होते. बोलायची चोरी, खायची चोरी, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, नवीन दुरुस्ती आहे, बसेल हळूहळू. भिडस्त माणूस. शेवटी हिरडीला जखम झाली तेव्हा त्यांची मुलगी भांडायला आली इथे.

बारकी : आणि आजी मास्तरांची कवळी डबीत ठेवून पेज पीत बसल्या. हसू नका काकू, मला आत्ता हसू येत नाहीये.

काकू : मी कुठे हसतेय? मला तर...

काका : डॉक्टरांकडे जाऊ नको.

बारकी : का नको? तुम्ही नेहमी असंच म्हणता. त्यांच्याकडून काम येतं म्हणून त्यांना कुणी काही बोलायचं नाही. मला आता काय गमवायचंय?

काका : ते तसं बोलले नसतील.

बारकी : तुम्हाला काय माहीत?

काका : माणूस बरा आहे तो.

बारकी : बरा आहे! मग कुणी सांगितलं? मास्तरांनी? ते तर रस्त्यात दिसले की अजून मला नमस्कार करतात.

काकू : सांगताय, की मी सांगू?

काका : तू मध्ये पडू नको.

काकू : मी पाच दिवस मध्ये पडले नाही, त्याचंच हे फळ आहे. पोरगी आता त्या डॉक्टरच्या दारात जाऊन तमाशा करणार, आणि तुम्ही मान खाली घालून कवळी घासणार?

बारकी : काय झालं पाच दिवसांपूर्वी?

काका : फोन आला होता. रुग्णालयातून.

बारकी : हो, येणारच होता. तुम्हीच म्हणालात ना, चांगलं बोललो म्हणून.

काका : चांगलंच बोललो. हात हलका आहे म्हटलं. वेळेवर येते. रोग्याच्या तोंडाचा विचार करून दात बसवते. सगळं सांगितलं.

बारकी : मग?

काका : मग त्या बाईंनी विचारलं, कामात कधी गंभीर चूक झाली होती का. मी म्हटलं, एकदा कवळ्यांची अदलाबदल झाली होती. त्या म्हणाल्या, हिच्या हातून?

बारकी : आणि?

काका : हो म्हटलं.

बारकी : काका.

काकू : मी दाराशी होते गं. कपड्यांची बादली हातात. ऐकलं, आणि कपडे वाळत घालायला निघून गेले. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. माझंही थोबाड फोडायला हवं.

बारकी : हो म्हणालात? तुम्ही? त्या डब्या कुणी भरल्या होत्या काका?

काका : मी.

बारकी : डॉक्टर इथे उभे होते. या टेबलाशी. म्हणत होते, यापुढे काम दुसरीकडे देतो. तुमचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. म्हणून मी म्हटलं, डॉक्टर, माझी चूक झाली. तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाईट वाटलं नव्हतं त्याचं. खरंच नव्हतं वाटलं. पण आता?

काका : आता फोन कानाला होता, आणि तू या खुर्चीत नव्हतीस. डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होतीस, माझे थेंब आणायला.

बारकी : आणि तुम्ही...

काका : मला दिसत नाही बारके. नुसतं कमी नाही, दिसतच नाही. जिथे नजर लावावी नेमकं तिथेच काळं होतं. कडेचं सगळं दिसतं, दार दिसतं, खिडकी दिसते. हातातला दात दिसत नाही. तू गेलीस की ही खोली बंद. सोमवार जवळ आला तसं मला झोप लागेना. त्या बाईंनी विचारलं आणि तोंडातून हो निघून गेलं. वाटलं, थोडं लांबणीवर पडेल. दोन-चार महिने.

बारकी : निघून गेलं म्हणू नका. तुम्ही म्हणालात.

काका : म्हणालो.

बारकी : तुमच्या डोळ्यांचं मला माहीत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? तीन वर्षं, तुम्ही जेवायला आत गेलात की तुमच्या कवळ्यांचे दात मी उचकटून परत बसवत होते. घाईघाईनं. तुम्ही यायच्या आत.

काका : ठाऊक होतं.

बारकी : ठाऊक होतं?

काका : जेवून आलो की मेण ऊन लागायचं हाताला. मी तर तासभर आत असायचो.

काकू : अगं बाई! म्हणजे हिला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, आणि मी मात्र सगळ्यांना सांगत फिरतेय की या वयातही आमच्या ह्यांचा हात कसा चालतो!

बारकी : माझंच चुकलं. तेव्हा मी खोटं बोलले नसते तर हे झालंच नसतं. आणि कुणाच्या तोंडाला आणखी काही झालं असतं तर? मीही गप्पच बसले ना.

काका : तुझं खोटं तू माझ्यासाठी बोललीस. मी ते उचलून माझ्यासाठी वापरलं. दोन्ही एका मापानं मोजू नको. मला लाज वाटते. पाच दिवस वाटतेय. तू सकाळी यायचीस, 'काका, सोमवारपासून मी नाही हं' असं हसत म्हणायचीस, आणि मी मशीन सुरू करायचो.

काकू : पाच वाजत आले. आता बोलून काय उपयोग, करायचं काय ते ठरवा.

काका : लेखी मागितलंय ना त्यांनी? देतो.

बारकी : काय देणार?

काका : जे झालं ते.

बारकी : डोळ्यांचं लिहावं लागेल. नाहीतर ते म्हणतील, हिला वाचवायला म्हातारा आता दुसरंच सांगतोय. आणि त्या रुग्णालयात डॉक्टर आठवड्यातून दोनदा जातात. उद्याच्या उद्या त्यांना कळेल.

काका : कळू दे. त्याआधी मीच फोन करेन त्यांना.

बारकी : मग इथे कामच येणार नाही.

काकू : मग आम्ही दोघं समोरासमोर बसून भांडू. चाळीस वर्षांत निवांत वेळ मिळालाच नव्हता.

बारकी : काकू, चेष्टा नको. मला ही खोली बंद व्हायला नकोय. पण मला ती नोकरी हवीय. खूप हवीय. दोन्ही एकदम होणार नाही, तर मी काय करू?

काका : तू काही करू नको. तू पुष्कळ केलंस. (काकूंकडे वळून) अगं, कागद घे तू. तुझं अक्षर चांगलं आहे.

बारकी : मी बाहेर थांबते. माझ्याबद्दलचं माझ्यासमोर कसं लिहिणार?

काका : बस. मागच्या वेळी तू नव्हतीस म्हणूनच जीभ सुटली. आता समोर बस.

काकू : हं, सांगा. सावकाश सांगा.

काका : लिही. तीन वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या दोन कवळ्यांची अदलाबदल झाली, ती माझ्या हातून झाली. मला चिठ्ठीवरचे आकडे दिसत नव्हते. कुणाला विचारायची लाज वाटली, म्हणून मी अंदाजानं डब्या भरल्या.

काकू : ...डब्या भरल्या. पुढे?

काका : दोष हिनं स्वतःवर घेतला. फोनवर मी हिचंच नाव सांगितलं. ते खोटं होतं. ही जाऊ नये म्हणून मी ते बोललो.

काकू : हे शेवटचंही लिहू?

काका : लिही.

बारकी : ते नाही लिहिलं तरी चालेल काका.

काका : लिही म्हणतो ना. गेली तीन वर्षं या खोलीतून जे चांगलं काम बाहेर गेलं, ते हिच्या हातचं. माझं नाव होतं त्याच्यावर, इतकंच.

काकू : थांबा जरा. माझंच पान ओलं व्हायला लागलंय.

काका : रागावलीस का गं माझ्यावर?

बारकी : हो.

काका : बरं.

बारकी : हा राग लवकर जायचा नाही काका. आणि ते हो म्हणतील असंही नाही. दुसऱ्या कुणाला बोलावलंही असेल त्यांनी.

काका : असेल. तरी पाठव.

काकू : झालं लिहून. घ्या पेन, सही करा. मग हिला फोटो काढून पाठवू दे.

काका : कुठे करू?

काकू : खाली, उजव्या बाजूला. अहो, तिथे नाही, ते टेबल आहे.

काका : बघतो तिथेच काळं होतंय.

बारकी : इथे. माझ्या बोटाला लागून करा.